माया किती सोडावी?

(फॅशन आणि वस्त्रकलेच्या विद्यार्थ्यांना नुकतेच शिकवू लागलेल्यांसाठी)

अभिनंदन! शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे सहा विद्यार्थी तुमच्या पदरात पडले आहेत.

साहित्य: टाचण्या, टेप, खडू, दहा मीटर मांजरपाट (मांजराचा संबंध नाही, दरवर्षी एकजण विचारतोच) आणि काहीही कळू न देणारा चेहरा.

आधी मूडबोर्ड येईल. त्यावर गंजका पत्रा, समुद्र, आजीचा फोटो. संकल्पना विचारली की उत्तर येईल, ‘आठवण’. मान डोलवा आणि मांजरपाट पुढे सरकवा. ‘बरं, आठवणीची बाही कापून दाखव.’ बाही उभ्या धाग्यावर कापायची सोडून आडव्यावर कापली जाईल आणि खांद्यात बसणार नाही. तुम्हाला ते दिसेल. कात्रीला हात लावू नका. मी पहिल्या वर्षी एकीची कॉलर ‘जराशी’ सरळ करून दिली होती. परीक्षकांनी नेमकं कॉलरबद्दलच विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी खिडकीकडे.

शिंपी शिवणीपलीकडे जे कापड राखतो, त्याला माया म्हणतात. अर्धा-पाऊण इंच. शिकवतानाही तेवढीच. जास्त सोडली की शिवण जाड होते, कमी सोडली की पहिल्यांदा खाली बसतानाच उसवते.

एक विद्यार्थी डिझायनर ईम्स दांपत्याचा १९५८चा भारतावरचा अहवाल वाचून येईल. त्यात त्यांनी आपल्या लोट्याचं भरभरून कौतुक केलंय. त्या अहवालावरूनच पुढे १९६१ साली अहमदाबादेत एनआयडी ही डिझाइनची संस्था उभी राहिली आणि तेव्हापासून लोट्याला विसावा नाही. लोट्याच्या आकाराचा स्कर्ट दाखवला, तर तो नेसून रिक्षात चढायला सांगा.

पैठणीवाल्या मुलीला मात्र येवल्याला न्या. तिच्या वहीत बेचाळीस रंगांचा मोर असतो. विणकरदादा चित्र बराच वेळ न्याहाळतात. मग मागावर बोट ठेवून सांगतात, ‘ताई, ओळीत जितक्या ठिकाणी रंग बदलला, तितक्या तिल्ल्या, म्हणजे धाग्याच्या छोट्या कांड्या. एकेक हातानं फिरवायची, शेजारच्या रंगात अडकवायची.’ ती पदर उलटून बघते. मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ, एकही धागा लोंबत नाही.

‘कधीपर्यंत हवंय?’

‘पुढच्या शुक्रवारी.’

दादा हसत नाहीत, चहा मागवतात. तुम्ही चहा घ्या, तोंड उघडू नका.

परतीच्या प्रवासात कोपरगावपर्यंत मोर टिकतो. संगमनेरला त्याचा पोपट होतो. (दोन्ही अर्थांनी, पैठणीवर पोपटही असतोच, त्याला मुनिया म्हणतात.) नारायणगावला ती आपणहून वही उघडते. ‘मॅम, पाच रंगांत नुसता काठ केला तर?’

उत्तर तुमच्या अगदी ओठांवर आलेलं असेल. मिसळ मागवा.