लोकलहोस्टवरची केळी

शेवटच्या वर्षाच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये चार जण असतात, कारण प्रोजेक्ट रिपोर्टच्या, म्हणजे ब्लॅकबुकच्या पहिल्या पानावर चार नावं मावतात. कोड एकच जण लिहितो. आमच्यात तो शिरपूरचा होता, म्हणून त्याचं नाव शिरपूर. बाकी यावल, पारोळा आणि मी, म्हणजे धुळे. जळगावच्या होस्टेलवर आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त हजेरीपुरतं वापरतात.

विषय होता केळीच्या भावाचं अ‍ॅप. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, एवढी एक ओळ ‘इंट्रोडक्शन’मध्ये टाकली की गाईड खूश. (भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी मिळालं, पण वांगं आधीच्या बॅचने उरकलं होतं.) शिरपूर रात्रभर कोड लिहायचा आणि आम्ही तिघं चहा पीत ‘टेस्टिंग’ करायचो.

प्रेझेंटेशनमध्ये मात्र चौघांनीही बोललं पाहिजे, असा नियम. मग स्लाइडींची वाटणी निघाली. भावाभावांत शेत वाटतात तशीच. बागायत सगळ्यांना हवी, कोरडवाहू कुणालाच नको. ‘थँक यू’ची स्लाइड पारोळ्याने पहिल्याच दिवशी धरून ठेवली. तिच्यावर गुलाब होता आणि तिच्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. यावलने कोडची एक ओळही लिहिली नव्हती, म्हणून त्याला ‘फ्युचर स्कोप’ दिलं. जे झालंच नाही त्याबद्दल त्याला कोण पकडणार?

माझ्या वाट्याला ‘वॉटरफॉल मॉडेल’ आलं. धुळ्यात नळाला रोज पाणी नसायचं आणि आमच्या प्रोजेक्टमध्ये धबधबा. विन्स्टन रॉइस नावाच्या माणसाने १९७० मध्ये या मॉडेलची आकृती काढली आणि तिथेच बजावून ठेवलं, की असं सरळसोट काम करणं धोक्याचं आहे. पुढच्यांनी आकृती उचलली आणि इशारा तिथेच सोडला. आमच्या ब्लॅकबुकात तर ती रंगीत होती.

मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. एक्स्टर्नल सर दुपारी तीनला आले आणि आम्ही चौघांनी एका सुरात ‘गुड मॉर्निंग’ केलं. पाठ तसंच होतं. शिरपूरने लोकलहोस्ट सुरू केला. पडद्यावर लॉगिन आलं. युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्ड अ‍ॅडमिन. सरांनी चष्मा वर सरकवला आणि एकदम अहिराणीत विचारलं, “हाऊ कोड कोना शे?”

शिरपूरचा हात वर गेला. आमचे खांद्यापर्यंत गेले आणि थांबले.

सरांनी पडद्यावरच्या एका खोक्यावर बोट ठेवलं. त्यात केळीचे प्रकार होते : स्मॉल, मीडियम, लार्ज. “हे कुठल्या बाजारात विकता?”

शिरपूरला डेटाबेस तोंडपाठ होता, केळी नव्हती. तेवढ्यात मागून यावल म्हणाला, “सर, असं नसतं. नवतीचा भाव वेगळा, पिलबागचा वेगळा, वापसीचा तर विचारूच नका. आणि आमच्याकडे आधी बुऱ्हाणपूरचा लिलाव बघतात.” पाठ केलेलं इंग्रजी त्याने केव्हाच सोडलं होतं.

“मग आज काय निघाला?”

अ‍ॅपमध्ये भाव होता, पण तो शिरपूरने फेब्रुवारीत हाताने भरलेला. यावलने खिशातून फोन काढला, बाबांना लावला आणि स्पीकर चालू केला.

“काय रे, झाली का परीक्षा?” बाबांनी विचारलं.

“चालू आहे. नवती काय गेली आज?”

बाबांनी भाव सांगितला. सर पुढे वाकले. “दादा, नमस्कार. पिलबागचं काय? यंदा कांदेबाग किती धरली तुम्ही?” मग ठिबकवर बोलणं झालं, विहिरीच्या पाण्यावर झालं, गाड्या वेळेवर लागत नाहीत यावर दोघांचं एकमत झालं. पडद्यावर आमच्या अ‍ॅपचं चाक गोल गोल फिरत होतं. त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

फोन ठेवल्यावर सरांनी बाबांचा नंबर मार्कांच्या कागदामागे उतरवून घेतला आणि सही करता करता म्हणाले, “फ्युचर स्कोप उत्तम आहे. पुढचा ग्रुप पाठवा.”

पारोळा गुलाबाची स्लाइड लावून उभाच राहिला.