ट्रकात बल्लव, घरात पाहुणा

"अगं, दारात ट्रक दिसतोय. आले वाटतं धनी?"

"आले की काकू, रात्री. डाळिंबाची गाडी दिल्लीत आझादपूरला खाली केली अन् परत. आल्या आल्या हुकूम, चहा टाक."

"मग टाकायचा की. केवढी गाडी हाणत आलाय माणूस!"

"टाकला हो. पण हाच माणूस गाडीत कुकर लावतो! मोबाइलवर दाखवलं मला. सीटमागं पाच किलोचा सिलिंडर, तवा, मिसळणाचा डबा. किन्नर कांदा चिरतोय अन् हे फोडणी देतायत. घरी मीठ कुठंय ते ठाऊक नाही!"

"का गं, ढाबे काय ओस पडले?"

"मीही तेच विचारलं. म्हणतात, रोजच्या तेलकट भाजीनं पित्त खवळतं, पैसा जातो तो वेगळाच. अन् आत जेवायला बसलं की बाहेर टाकीतलं डिझेल कोण काढेल, नेम नाही. गाडीपाशी खिचडी टाकली की नजर राहते. भाकरी तेवढी जमत नाही, थापायला जागा कुठंय? म्हणून मी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी अन् येसूर बांधून देते."

"उसाच्या गाड्यांचंही तसंच. भवानीनगर, माळेगाव, कुठंही जा. हंगामात यार्डात नंबर लागेपर्यंत आमचा भाचा तीन दगडांवर पिठलं शिजवतो."

"पुढचं ऐका. काल येताना भिगवणला उजनीची चिलापी घेतली अन् पंपावर गाडी लावून कालवण केलं!"

"अगं बाई! भिगवणहून इंदापूर ते किती लांब? घरी नाही आणली?"

"तेच तर दुखणं! वर म्हणतात, तू केलेलं तिखट होतं."

"हे त्या व्हिडिओंचं खूळ. झारखंडच्या जामताड्याचे राजेश रवानी बघितलेस ना? ट्रकात रांधतानाचे व्हिडिओ टाकून नाव केलं, घर बांधलं. २०२४ मध्ये आनंद महिंद्रांनीही कौतुक केलं."

"बघितले ना! आमच्यांनी मोबाइलचा स्टँडसुद्धा आणलाय."

"आणू दे. पण शेगडी केबिनमध्ये पेटवतात का?"

"पाऊस असला की. काचा लावून."

"मग आधी ते बंद कर. आमचे हे एसटीत होते, ते सांगतात, बंद केबिनमध्ये गॅस जळाला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपला की उठतच नाही. अन् १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झालीय. म्हणजे काचा बंदच राहणार."

"पण खाली उतरून रांधायला सवड कुठं असते, काकू?"

"काढायची. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विसावा लिहिला होता; २०२५ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी विसावा हवाच. तेवढ्यात खिचडी होते. माल पोचवायची घाई मालकाला असते, जीव आपल्या माणसाचा जातो."

"सांगते त्यांना. ऐकतील तर शपथ!"

"ऐकेल. शेगडी खाली मोकळ्यावर, सिलिंडर उभा, झोपण्याआधी रेग्युलेटर बंद. अन् घरी असेल तेव्हा त्याच्याच हातचं कालवण खायचं. चार राज्यं ओलांडून रांधणाऱ्याला स्वतःच्या ओट्यापाशी उभं राहायला कसली लाज?"