चार इंचांचे माहात्म्य

जुन्या पिकअपची उंची किती वाढवावी, असे विचारणारा माणूस मुळातच कच्चा समजावा. आज तो 'किती' विचारतो आहे. उद्या 'कशासाठी' विचारील, आणि मग कुणाचाच धंदा चालणार नाही. अमेरिकेतले पोहोचलेले लोक आधी इंच ठरवतात. चार, ऐपत असल्यास सहा. त्या इंचांना शोभेल असा डोंगर नंतर पाहतात. नाहीच सापडला तरी बिघडत नाही, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येही चार इंच चारच भरतात.

या पंथाचे आद्य दैवत म्हणजे टोयोटाची ऐंशीच्या दशकातली फोर बाय फोर पिकअप. 1985 सालच्या 'बॅक टू द फ्यूचर'मधला मार्टी जिच्याकडे आशाळभूतपणे पाहतो तीच ती, काळी, उंच, टपाच्या वर दिवे मिरवणारी. त्या चित्रपटात ती एकाही खडकावर चढत नाही. शेवटी गॅरेजात लखलखत उभी असलेली दिसते, आणि तेवढ्याने नायक कृतार्थ होतो. पंथाचे सगळे तत्त्वज्ञान त्या एका दृश्यात आले आहे.

काही शंकेखोर मात्र भूमिती आणतात. ते म्हणतात, मागच्या बाजूला सर्वांत खाली काय असते, तर अ‍ॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा. अ‍ॅक्सल चाकांच्या मध्यावर, म्हणून गोळ्याची जमिनीपासूनची उंची टायरच्या त्रिज्येवर ठरणार. स्प्रिंगचे पाटे वाढवा, पाट्यांखाली ठोकळे घाला, शॅकल लांब करा, गोळा केसभरही हलत नाही. 31 इंची टायर काढून 33 इंची चढवले, तरच तो एक इंच वर येतो. हे सगळे खरे आहे आणि अत्यंत अरसिक आहे. चार इंची लिफ्ट किटने वर जाते ती चेसी, तिच्यावरची बॉडी आणि तिच्यात बसलेला मालक. खडक गोळ्याला पूर्वीइतकाच जवळ राहतो. मालकाला तो आता जरा वरून दिसतो, एवढाच काय तो फरक. चेसीचे पोट वाचते, मोठ्या टायरला जागा होते, हेही कबूल. पण असली उपयुक्त कारणे पुढे करून या कार्याचा दर्जा उतरवू नये.

1985पर्यंतच्या टोयोटाला पुढेही सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे होते. 1986पासून पुढची चाके सुटी झाली आणि त्यांचा भार पिळाच्या दांड्यांवर, म्हणजे टॉर्शन बारवर आला. या दांड्यांना दोन बोल्ट असतात. पाना घेऊन ते आवळले की गाडीचे नाक फुकटात वर येते. फुकट म्हणजे किटच्या मानाने. पुढची चाके फिरवणारे सीव्ही जॉइंट वाकडे चालू लागतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, आणि चाकाला खाली झेपावायला जागाच न उरल्याने साध्या खड्ड्यातही माणूस ताठ बसायला शिकतो. ज्यांना हे पसंत नाही त्यांच्यासाठी चार इंची ब्रॅकेट किट आहे. त्यात चेसी चार इंच वर नेतात आणि जॉइंटचे कोन बिघडू नयेत म्हणून पुढचा डिफरन्शियल तिच्यापासून जवळजवळ तितकाच खाली टांगतात. इतक्या खर्चात इतकी समता दुसरीकडे आढळणार नाही.

ब्रेकची गोष्ट तर फारच हृद्य आहे. या पिकअपला मागे एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली. हौद्यात माल भरला की चेसी दबते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकना जास्त दाब मिळतो. उंची वाढवल्यावर चेसी अ‍ॅक्सलपासून दूर जाते. दांडीची जागा सुधारून घेतली नाही, तर व्हॉल्व्ह बिचारा समजतो की गाडी रिकामी आहे, नव्हे, रिकाम्याहून रिकामी आहे, आणि मागचे ब्रेक जपून वापरू लागतो. अर्थात हौदा आता इतका उंच झालेला असतो की त्यात विटांची पाटी चढवायला कुणी धजत नाही. व्हॉल्व्हचे म्हणणे त्या अर्थाने बरोबरच निघते.

मोठ्या टायरांनी तर गाडीचे वयसुद्धा आटोक्यात येते. 29 इंचांच्या जागी 33 इंची आले की प्रत्यक्षातले शंभर मैल ओडोमीटरला 88च वाटतात. 2.4 लिटरचे इंजिन चढावर धापा टाकते तो भाग वेगळा. त्यावर डिफरन्शियलचे दात बदलून घेणे हा उपाय आहे. त्याने खर्च वाढतो. मग वाढलेल्या उंचीमुळे प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस थरथरतो, ब्रेकचे होज तोकडे पडतात, शॉकअप पुरत नाहीत. एका खरेदीतून सहा खरेद्या निघणे यालाच घर भरणे म्हणतात.

सरकारी खात्यांना या सौंदर्याची जाण नाही. अमेरिकेचे रस्तेसुरक्षा खाते गाडी उलटण्याचा धोका मोजताना दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागते. छेद वाढवणाऱ्याचे कौतुक त्या गणितात कुठेच बसत नाही. नॉर्थ कॅरोलायनाने तर डिसेंबर 2021पासून पुढचे फेंडर मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच ठेवायला बंदी केली. आकाशाकडे तोंड करून हायवेवरून जाण्याचा, समोरचा रस्ता न पाहण्याचा आनंद तिथे संपला.

या सगळ्यात कीव येते ती अडाणी मालकाची. तो आधी गाडीखाली आडवा होऊन चेसीचा गंज बघतो. झिजलेले बुश आणि थकलेले पाटे बदलतो, कंपनीच्याच मापाचे घालतो, म्हणजे गाडी जन्मतः होती तेवढी उंच होते. टायर 31 इंची, बास. कच्च्या वाटेवर पोहोचला की त्यांतली हवा थोडी कमी करतो आणि हळूहळू निघून जातो. त्याच्या गाडीचा फोटो कुणी काढत नाही. किती इंचांची लिफ्ट, असेही त्याला कुणी विचारत नाही, आणि विचारले तरी त्याला बोलायला सवड नसते. तो बहुधा कुणाची तरी सहा इंची गाडी दोर लावून चिखलातून ओढत असतो.