पंचेचाळीस डेसिबलचा शेजारधर्म

पुण्या-मुंबईत फ्लॅट घेणारा माणूस तसा चिकित्सक असतो. कार्पेट एरिया स्वतः टेप लावून मोजतो, पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं ते विचारतो, ‘रेरा’च्या संकेतस्थळावर बिल्डरची कुंडली पाहतो आणि स्वयंपाकघर आग्नेयेलाच आहे याची दोनदा खात्री करून घेतो. आग्नेयेच्या बरोबर वर कोणाचा खलबत्ता आहे, एवढंच विचारायचं राहून जातं. ते त्याला राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी कळतं, पहाटे पावणेसहाला, आलं ठेचलं जात असताना.

यात बिल्डरचा काही दोष नाही, असं बिल्डरचं मत आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत ध्वनिरोधनावर स्वतंत्र विभाग आहे. पण माहितीपत्रकाची जागा तरणतलाव, ज्येष्ठ नागरिक कट्टा आणि ‘योगा डेक’ यांनी इतकी अडवलेली असते, की भिंत किती आवाज अडवते हा आकडा छापायला कोपरा उरत नाही. आवाज अडतो तो मुख्यतः वजनाने. जुन्या वाड्यांच्या भिंती जाड आणि जड होत्या. आत भावकीची भांडणं पेटलेली असली तरी बाहेर सलोखा नांदायचा. आताच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या. इमारतीवरचा भार कमी होतो आणि तेवढाच तो शेजाऱ्याच्या कानावर पडतो.

स्लॅबची गोष्ट आणखी न्यारी. स्लॅब जड असतो, त्यामुळे वरच्यांचं बोलणं सहसा खाली येत नाही. येतो तो आघात: टाचा, खुर्चीचे पाय, पोळपाट, उड्या मारणारी नातवंडं. युरोपात अनेक ठिकाणी स्लॅब आणि फरशीच्या मध्ये लवचीक थर घालतात आणि आघात तिथेच मुरतो. आपल्याकडे त्या जागी फक्त सिमेंट असतं. फरशी थेट स्लॅबला चिकटलेली, स्लॅब थेट खालच्याच्या डोक्यावर. वरचे एक वाटी सरकवतात, खालचे उठून बसतात.

त्यातही रात्री एकच्या सुमारास वरच्या घरात कोणीतरी गोट्या खेळतं, ही तक्रार ज्या इमारतीत नाही ती इमारत अजून बांधायची आहे. वरचे देवाशपथ सांगतात, की घरात मूल नाही, गोटी नाही, दोघांचीही साठी उलटलेली आणि दोघंही साडेनऊलाच झोपतात. बऱ्याचदा ते खरंच असतं. झडप झटक्यात बंद झाली की पाइपातलं पाणी धक्का देतं, आणि त्या धक्क्याचा टकटकाट इमारतीभर फिरतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, काँक्रीटमध्ये त्याच्या जवळजवळ दहापट वेगाने. त्यामुळे उगम तीन मजले वर असू शकतो किंवा शेजारच्या विंगमध्येही. खालच्याचा संशय मात्र नेमका एकच मजला चढतो, कारण तिथे राहणाऱ्यांशी पार्किंगवरून आधीच बिनसलेलं असतं.

मग माणूस कायदा वाचायला घेतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम १४ फेब्रुवारी २००० ला निघाले. शेजाऱ्यांमधल्या प्रेमासाठी सरकारने दिवस चांगला निवडला. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल, अशी मर्यादा त्यात आहे. म्हणजे पावणेसहाचा खलबत्ता कायद्याने रात्रीचा आहे. एवढं वाचून माणूस हरखतो. पुढचं वाचल्यावर पुन्हा आडवा होतो.

एक तर ही मर्यादा परिसरातल्या आवाजाची आहे आणि ती काळाची सरासरी काढून मोजतात. दर वीस मिनिटांनी एकदा ‘धप्’ असा आवाज आला तर माणसाची झोप सबंध रात्र मोडते, पण सरासरी शांत झोपलेली असते. दुसरं म्हणजे, मर्यादेपेक्षा आवाज दहा डेसिबलने जास्त झाला की तक्रार करता येते. डेसिबलचं गणित शाळेतल्या बेरजेसारखं नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाल्यासही तक्रार करता येते, पण ते निर्बंध लाउडस्पीकर, वाद्यं, भोंगे, फटाके आणि बांधकामाची यंत्रं यांच्यावर आहेत. नियम करणाऱ्यांनी खलबत्त्याचा विचार केलेला दिसत नाही. त्यांच्याकडे मिक्सर असावा. तक्रार करायची कोणाकडे, तर जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी. वरच्यांनी रात्री बाराला स्टूल ओढलं म्हणून उपअधीक्षकांनी जिने चढावेत, ही कल्पना लोकशाहीला शोभणारीच आहे.

दंडाचं म्हणाल तर सार्वजनिक उपद्रवाला जुन्या भारतीय दंडविधानात २०० रुपये होते. भारतीय न्याय संहितेने महागाई लक्षात घेऊन ते कलम २९२ मध्ये १,००० पर्यंत नेले. बऱ्याच सोसायट्यांचा महिन्याचा मेंटेनन्स याहून जास्त असतो. शिवाय उपद्रव ‘सार्वजनिक’ असावा लागतो. एका बेडरूममधली जनता त्यात बसते का, हे वकिलाला विचारायला जावं तर दंडाच्या रकमेहून मोठी फी आधी भरावी लागते.

राहता राहिली सोसायटी. इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही आपल्या सदनिकेत करू नये, हे उपविधींमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं. सेक्रेटरींना ते पाठही असतं. ते म्हणतात, “हे बघा, हा तुमचा दोघांचा आपापसातला प्रश्न आहे, सामोपचाराने घ्या, नाहीतर पोलिसांत जा.” चौकीवर साहेब म्हणतात, “अहो काका, शेजारी शेजारी आहात, सोसायटीचं पत्र तरी आणा.” पत्र मागायला गेलं की सेक्रेटरी गावाला गेलेले असतात.

तेव्हा उरतो व्हॉट्सअॅप ग्रुप. तिथला मजकूर ठरलेला: “कोणाचंही नाव न घेता सांगू इच्छितो, की काल रात्री साडेअकरा वाजता बी विंगच्या पाचव्या मजल्यावर, लिफ्टमधून उतरल्यावर डाव्या हाताला...” पुढे जोडलेले दोन हात. त्यावर पहिलं उत्तर सुप्रभात आणि जास्वंदीचं फूल. दुसरं, “आम्ही समोरच राहतो, आम्हाला तर काही ऐकू येत नाही.” तिसरं, “लहान मुलं आहेत, खेळणारच ना!” चौथं कोणीतरी टाकतंच: “एवढी शांतता हवी तर बंगला बांधा.” दुपारपर्यंत विषय मुलांवरच्या संस्कारांवर, तिथून राजकारणावर जातो आणि संध्याकाळी ॲडमिन ग्रुपला टाळं लावतो. आवाज करणारा कोण हे ग्रुपला आठवत नाही. तक्रार करणारा मात्र सगळ्यांच्या कायमचा लक्षात राहतो. “ते चारशे दोनवाले ना? जरा विक्षिप्तच आहेत.”

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये प्रार्थनास्थळांच्या भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना सांगितलं, की आवाजाची तक्रार आली तर तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा आणि ओळख कळलीच तर ती उघड करू नका. न्यायालयाला रस्ता ठाऊक आहे, लिफ्ट ठाऊक नसावी. सोसायटीत तक्रारदार कोण हे पोलिसांच्या आधी वॉचमनला, वॉचमनच्या आधी धुणंभांडी करणाऱ्या मावशींना आणि मावशींमुळे सात मजल्यांना माहीत असतं.

तक्रारदाराचं हे नशीब आजचं नाही. यांत्रिक संगणकाची कल्पना मांडणारे चार्ल्स बॅबेज लंडनमध्ये घराबाहेर दांडा फिरवून वाजवायच्या बाजाच्या पेट्यांनी इतके त्रासले, की त्यांनी रस्त्यावरच्या वादकांविरुद्ध आघाडीच उघडली. १८६४ मध्ये त्यासाठी कायदा झाला. त्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी या उपद्रवाला अख्खं प्रकरण दिलं. फळ काय मिळालं? शेजारी मुद्दाम वादक बोलावून त्यांच्या दारात वाजवायला लावत. एक गृहस्थ तर रोज बॅबेज यांच्या घराच्या दिशेने खिडकीतून पत्र्याची शिट्टी फुंकत बसे, महिनोन् महिने. माणूस गणितात कितीही मोठा असो, आवाजाविरुद्ध बोलला की मोहल्ल्याची करमणूक होतो.

तत्त्वज्ञ शोपेनहाउअरनी अर्ज-विनंतीत वेळ घालवला नाही. १८२१ मध्ये बर्लिनमध्ये खोलीबाहेर गप्पा मारत उभ्या असलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या शेजारणीला त्यांनी सरळ ढकलून बाहेर काढलं. तिने दावा लावला, जिंकला, आणि ती जगेपर्यंत दर तिमाहीला तिला पैसे देणं तत्त्वज्ञांच्या नशिबी आलं. ती बरीच वर्षं जगली. आपल्या जिन्यातल्या चप्पल-स्टँडजवळ तासन् तास रंगणाऱ्या गप्पांवर उपाय शोधणाऱ्यांनी हा निकाल जरूर ध्यानात ठेवावा.

आता या सगळ्यांहून वरचढ अशी एक गोष्ट आहे, तिचं नाव इंटिरिअर. नवा सभासद सोसायटीत अनामत भरतो, सेक्रेटरी त्याला कामाची वेळ लिहून देतात, दुपारी दोन ते चार काम बंद अशी सूचना लिफ्टमध्ये लागते. दहाच्या ठोक्याला ड्रिल सुरू होतं. ड्रिल थांबलं की मार्बल कटर, कटर थांबला की हातोडा, हातोडा थांबला की मिस्त्रीच्या मोबाइलवरची गाणी. दोन ते चार वामकुक्षीसाठी मिळतात, पण त्यात झोप लागत नाही. चार कधी वाजतात याकडे कान लागलेले असतात. “बस, आठ दिवसांचं काम आहे काका,” असं मिस्त्री सांगतो आणि दर आठ दिवसांनी सांगतो. कोणी विचारत नाही, की बिल्डरने नुकत्याच बसवलेल्या नव्याकोऱ्या फरशा उचकटून दुसऱ्या नव्याकोऱ्या फरशा का बसवायच्या. प्रत्येकाने स्वतः तेच केलेलं असतं.

उपाय नाहीत असं नाही. खुर्ची-टेबलांच्या पायांना हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ती रबरी बुचं लावावीत, खलबत्त्याखाली जाड घडी घालावी, बेडरूमच्या दाराखालची फट बुजवावी. पंचाईत इतकीच, की बुचं खालच्याला हवी असतात आणि खुर्च्या वरच्याच्या असतात. काही धोरणी मंडळी संक्रांतीला तिळगूळ द्यायला वर जातात आणि त्यासोबत सोळा बुचांची पुडी ठेवतात. गोड बोला हे तोंडाने म्हणतात, हळू चाला हे पुडी म्हणते. वरचे तिळगूळ खातात. पुडी शू-रॅकमध्ये पुढच्या संक्रांतीची वाट पाहते.

शेवटी चारशे दोनवाले फ्लॅट विकायला काढतात. दलाल जाहिरातीत ‘शांत वस्ती’ असं घालतो. ग्राहकाला कधी आणायचं ते चारशे दोनवाले ठरवतात. वरचे कुलदैवताला कधी जाणार, हे लिफ्टमध्ये सहज विचारून घेतलेलं असतं. तो दिवस उजाडतो. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते. ग्राहक जाणता निघतो, छताकडे बोट दाखवून विचारतो, “वर कोण राहतं?”

“फार सज्जन माणसं,” चारशे दोनवाले म्हणतात. “इतक्या वर्षांत कधी वर आवाज नाही.”

ग्राहक समाधानाने मान डोलावतो, टोकनचा चेक फाडतो, मग हॉल आणि बेडरूममधल्या भिंतीवर बोटाची गाठ आपटून पाहतो आणि म्हणतो, “ही सगळी काढून टाकणार आहोत आम्ही. तुमच्या सोसायटीत कामाला किती वाजेपर्यंत परवानगी आहे?”