आगीला कळवण्यात येते की

या देशात शिस्त नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मंत्र्यांच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी एखाद्या जिल्हा रुग्णालयात चक्कर मारून यावी. जिल्ह्याचं नाव घालत नाही. छत्तीसपैकी कुणीही ते आपलंच समजावं. दुपारी तीनला मुंबईहून फोन येतो आणि साडेतीनला सिव्हिल खडबडून जागं होतं. सीएस साहेब, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक, केबिनचं दार सताड उघडं ठेवून बसतात, त्याला त्या दिवसापुरतं नियंत्रण कक्ष म्हणतात. मेट्रनबाई चादरींचा ताबा घेतात. आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, रुग्णांची छाननी करतात : हसऱ्या चेहऱ्याचे दारापाशी, तक्रारखोर आतल्या कोपऱ्यात, फारच तक्रारखोर असतील त्यांना डिस्चार्ज. भांडारपालाच्या कपाटातून असा साबण बाहेर येतो, की त्याचा वास घेऊन जुन्या सिस्टरांना आपल्या नेमणुकीचा काळ आठवावा. वॉर्डातले मामा फक्कीची रेघ ओढतात. वर्षभर ‘दुरुस्तीचे काम चालू आहे’ अशी पाटी मिरवणारी लिफ्ट चालू होते. आणि मुख्य म्हणजे आपत्कालीन दारासमोर रचून ठेवलेले मोडके पलंग तासाभरात गच्चीवर जातात.

कोणी कोणाला विचारत नाही, कोणी कोणावर ढकलत नाही. प्रत्येकाला आपलं काम ठाऊक, आपला साहेब ठाऊक. निरोप गेटवरून केबिनपर्यंत तीस सेकंदांत पोचतो. दुसऱ्या दिवशी मंत्री दोन तास उशिरा येतात, अकरा मिनिटं थांबतात, एका बाळाला हातात घेतात, जातात. संध्याकाळी पलंग गच्चीवरून पुन्हा दारासमोर.

हे टिंगल म्हणून लिहीत नाही. नेमकं हेच शिकवायला जगभर पुस्तकं छापली जातात.

या शिकवणीची सुरुवात रुग्णालयात झाली नाही, रानात झाली. १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात वणवे पेटले. तेरा दिवसांत सोळा माणसं गेली, सातशे इमारती जळाल्या, पाच लाख एकरांहून जास्त जमीन खाक झाली. नंतर हिशेब मांडला तेव्हा ध्यानात आलं की पाणी, बंब, माणसं यांपेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. एका दलाचा वायरलेस दुसऱ्या दलाला ऐकू येत नव्हता, एकाच गोष्टीला चौघांची चार नावं होती आणि इथे हुकूम कोणाचा चालतो हे कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यातून तिथल्या अग्निशमन दलांनी ‘इन्सिडंट कमांड’ नावाची पद्धत बांधली. तिथल्याच ऑरेंज काउंटीतल्या मंडळींनी १९९१ मध्ये ती रुग्णालयांच्या मापाने बेतली. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिकेने २००४ मध्ये ही पद्धत देशभर लागू केली आणि आपत्ती-तयारीचं सरकारी अनुदान हवं असेल तर ती स्वीकारा, असं रुग्णालयांना सांगितलं. अनुदान म्हटल्यावर तिकडचे डीनसुद्धा पटापट स्वीकारतात, एवढं साम्य पाहून बरं वाटलं.

पद्धत अशी. प्रसंग कोणताही असो, आग, पूर, बॉम्बस्फोट, वीज जाणं, कमांडर एकच. त्याच्या हाताशी सुरक्षिततेचा एक अधिकारी, माहिती देणारा एक, बाहेरच्यांशी बोलणारा एक. खाली चार विभाग : प्रत्यक्ष काम, नियोजन, सामानसुमान आणि पैसा. एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात जण, शक्यतो पाचच. प्रत्येकाला साहेब एकच. प्रत्येक पदाचा एक कागद, पहिल्या काही मिनिटांत काय करायचं, पुढच्या काही तासांत काय, हे सांगणारा. आणि अंगात जाकीट, ज्याच्यावर पद लिहिलेलं. कागद पदाचा असतो, माणसाचा नाही. आमच्याकडच्या आराखड्यात मात्र नावं असतात आणि आराखड्याचा कागद पिवळा पडेपर्यंत त्यातले तिघे बदलून गेलेले, दोघे निवृत्त आणि एक जण प्रतिनियुक्तीवर मंत्रालयात असतो.

आपल्याकडे कागद नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने हीच पद्धत देशी करून २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०१६ मध्ये खास रुग्णालयांच्या सुरक्षेची वेगळी काढली. महाराष्ट्राचा आगीविषयीचा कायदा २००६ चा. त्याखाली दर जानेवारीत आणि जुलैत ‘बी फॉर्म’ भरायचा, यंत्रणा ठणठणीत आहे म्हणून. आपल्याकडची आग कागदावर कधीच विझलेली आहे. ती लागते ती वायरीला.

९ जानेवारी २०२१, मध्यरात्र उलटून गेलेली. भंडारा जिल्हा रुग्णालयातला नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष. आत सतरा बाळं होती, सात वाचली. त्याच दिवशी प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर झाली, चौकशी जाहीर झाली, राज्यभर ऑडिटचे आदेश सुटले. २१ एप्रिलला नाशकात महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. पुरवठा कोलमडला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. दोन दिवसांनी पहाटे विरारच्या एका खासगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. ६ नोव्हेंबरला नगरचं जिल्हा रुग्णालय, तिथलाही अतिदक्षता विभाग, अकरा मृत्यू. सगळं एकाच कॅलेंडरवर. यांवर विनोद करण्याची माझी छाती नाही. पण जानेवारीतल्या आदेशाला भंडाऱ्याहून नगरला पोचायला दहा महिने पुरले नाहीत आणि मंत्र्यांच्या दौऱ्याचा फॅक्स कुठेही सात मिनिटांत पोचतो, एवढं नोंदवून ठेवतो.

आता गाडं कुठे अडतं ते सांगतो. त्या अमेरिकन पद्धतीत एक कलम आहे, जे आमच्या सगळ्या प्रशिक्षणांत स्लाइडवर येतं आणि ‘पुढे’ म्हणून सरकवलं जातं. पहिला कमांडर म्हणजे घटनास्थळी त्या क्षणी हजर असलेला माणूस. वरिष्ठ येईपर्यंत तोच. वरिष्ठ आला म्हणून आपोआप कमांड बदलत नाही. आधी माहिती द्यायची-घ्यायची, मग ताबा घ्यायचा, आणि आता कमांड कोणाकडे आहे ते सगळ्यांना सांगायचं. म्हणजे रात्री दोन वाजता वॉर्डात धूर दिसला, तर रुग्णालयाचा सर्वोच्च अधिकारी कोण? दोन वॉर्ड एकटीने सांभाळणारी स्टाफ नर्स. तिने सांगितलं की खिडक्या फोडा, तर फोडायच्या. तिने सांगितलं ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करा, तर करायचा. आणि हाताशी माणसं नसतील तर आठही पदं तिने एकटीने निभावायची, अशी त्या पद्धतीत सोयच आहे. (ही सोय आमच्या सिस्टर कुठल्याही प्रशिक्षणाविना वर्षानुवर्षं वापरत आल्या आहेत. रात्रपाळीला त्याच शिपाई, त्याच फार्मासिस्ट आणि नातेवाइकांनी ओरडायचं तेही त्यांच्यावरच.)

हे होऊ शकतं का? एकदा झालेलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या कामा रुग्णालयात बंदूकधारी शिरले, तेव्हा प्रसूतिपूर्व कक्षात वीस गरोदर बायका होत्या आणि ड्यूटीवर स्टाफ नर्स अंजली कुलथे. त्यांनी दारं लावली, दिवे मालवले, सगळ्या बायकांना वॉर्डाच्या टोकाच्या पॅन्ट्रीत नेऊन बसवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा भिंतीच्या कडेकडेने तिला लेबर रूमपर्यंत पोचवलं. पुढे त्यांनी त्या बंदूकधाऱ्यांतल्या कसाबविरुद्ध साक्ष दिली आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेलाही त्या रात्रीबद्दल सांगितलं. अंगात जाकीट नव्हतं, युनिफॉर्म होता.

आता समजा उद्या आमच्या सिव्हिलमध्ये एखाद्या सिस्टरने नुसत्या धुराच्या वासावरून असंच केलं, बायकांना हलवलं, खिडकीची काच फोडली, आणि नंतर निघाला तो शेजारच्या टपरीच्या शेगडीचा धूर. सकाळी साडेदहाला तिच्या हातात कागद पडेल : वरिष्ठांची पूर्वपरवानगी न घेता रुग्ण स्थलांतरित केले, शासकीय मालमत्तेचे (काच, एक नग) नुकसान केले, सबब आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा चोवीस तासांत सादर करावा. म्हणून शहाणी सिस्टर आधी फोन लावते. मेडिकल ऑफिसरला. ते आरएमओंना लावतात. ते सीएसना. सीएस झोपलेले असतात. त्यांना उठवावं का, यावर एक फोन वेगळा होतो. अग्निशमन दलाला बोलवायचं तर ‘आधी खात्री करा’. आग मोठी झाली की खात्री आपोआप पटते.

बरं, आग मुळात कोणाची? वायरिंग बांधकाम खात्याच्या विद्युत विभागाचं, मशीन पुरवठादाराचं, सुरक्षारक्षक कंत्राटदाराचा, दाराची चावी भांडारात, भांडारपाल रजेवर. आरोग्य खात्याकडे फक्त रुग्ण उरतात. विद्युत विभागाला लोड वाढल्याचं पत्र गेलेलं असतं, जावक क्रमांकासह. जावक क्रमांक हे आमच्याकडचं सर्वांत प्रभावी अग्निरोधक. त्याने पत्र पाठवणारा जळत नाही.

माहिती अधिकाऱ्याचं पद तेवढं आमच्याकडे कधीच रिकामं राहत नाही. अमेरिकेत एकच माणूस बोलतो. आमच्याकडे पार्किंगवाल्यापासून पालकमंत्र्यांपर्यंत जो चॅनेलच्या दांडक्यासमोर येईल तो बोलतो आणि प्रत्येकाचा मृतांचा आकडा वेगळा असतो. बाहेरच्यांशी समन्वयाचं काम आमदारांचे पीए करतात, म्हणजे मधल्या दारात उभे राहून आणखी चाळीस जणांना आत सोडतात. पैशाचा विभाग सगळ्यांत तत्पर. मदतीचा आकडा राख निवायच्या आत ठरलेला असतो.

तेव्हा नवी पद्धत शिकवण्याच्या भानगडीत न पडता शासनाने एकच करावं. आगीला राज्यमंत्र्याचा दर्जा द्यावा. कॅबिनेट मागत नाही, तिथे गर्दी आहे. गळती, लिफ्ट अडकणं, जनरेटर बंद पडणं यांना महामंडळाच्या अध्यक्षपदावर समाधान मानता येईल. मग आगीचा दौरा कार्यक्रम निघेल : ‘मा. आग, रात्री १.४० वाजता शॉर्ट सर्किटने आगमन व राखीव.’ निरोप येताच दारासमोरचे पलंग हलतील, चावी सापडेल, लिफ्ट चालेल, सीएस मुक्कामाला थांबतील, बंब पुढच्या दारात पायलट गाडीसारखा उभा राहील. स्वागताला इतकी माणसं जमतील की मा. आगीला संकोच वाटून ती विश्रामगृहावरच थांबेल. अडचण एवढीच की आग आगाऊ कळवत नाही. पण या राज्यात राजशिष्टाचार विभाग आहे. पहिल्या एक-दोन खेपांना समज दिली तर तीही शिकेल.

कळवून येणाऱ्या आगीचा एक प्रकार तूर्त उपलब्ध आहे. त्याला मॉक ड्रिल म्हणतात. आमच्या त्या बिननावाच्या सिव्हिलमध्ये नुकतंच झालं, कारण गुणवत्तेच्या तपासणीला फोटो अपलोड करायचे होते. जाकिटं आली होती, कमांडरचं फक्त एक्सएल मापात. आग सकाळी अकराला, चहानंतर, मागच्या पटांगणात एका पत्र्याच्या ट्रेमध्ये लागायची होती. जखमी म्हणून नर्सिंगच्या मुली, कपाळाला कुंकवाचं पाणी लावून. खरे रुग्ण खिडकीतून बघत होते. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, कारण त्यांचा या कार्यक्रमात भाग नव्हता. फोटोग्राफर लग्नाच्या ऑर्डरमध्ये अडकला, त्यामुळे आग सव्वा बारापर्यंत थांबली. मग लागली. सीएस साहेबांनी अग्निशामक सिलिंडर स्वतः हातात घेतला, पिन निघेना, मामांनी काढून दिली. पहिल्या फवाऱ्यात विझली. फोटोत साहेबांचे डोळे मिटलेले आले म्हणून पुन्हा लावली. पुन्हा विझवली. एकूण चार सिलिंडर लागले.

रिकामे चारही सिलिंडर पुसून अतिदक्षता विभागाबाहेरच्या हुकांना परत लावले आहेत. भरून घेण्याची टिपणी दुसऱ्याच दिवशी लेखा शाखेकडे गेली. ती परवा परत आली, शेरा मारून : ‘प्रत्यक्ष आग लागली होती काय? असल्यास पंचनामा जोडावा. नसल्यास सिलिंडर कोणाच्या आदेशाने वापरले, ते नमूद करून फेरसादर करावे.’