सभा अकरा वाजता

येवल्यातल्या विणकराच्या घरी पोराच्या शिक्षणाचं धोरण एका वाक्यात मावतं: 'शीक, नाहीतर मागावर बसशील.' बाप हे म्हणतो तेही मागावर बसूनच. पाय खड्ड्यात, हात धोट्यावर, नजर पदरातल्या मोरावर. मोराच्या मानेतला एक धागा चुकला तर त्याला तिथल्या तिथे कळतं. पोराचं गणित कुठे चुकलं ते काही कळत नाही. ज्या पैठणीचं जग तोंडभर कौतुक करतं, तिचाच घरात धाक घालतात!

आईचा सहभाग वेगळा. ती प्रकल्प करते. एका घरी तिने केलेली सूर्यमाला पाहिली. शनीला उरलेल्या जरीचं कडं. एवढा श्रीमंत शनी मी जन्मात पाहिला नव्हता. प्रकल्पाला 'छान' असा शेरा मिळाला आणि पोराने तो निर्विकारपणे घेतला.

संक्रांत आली की मात्र सगळी शिस्त पतंगांमागे गच्चीवर जाते. दहावीची परीक्षा तोंडावर असते, तरी तीन दिवस बापच हाक मारतो, "अरे, आसारी धर!" आसारी म्हणजे मांजाची फिरकी. अभ्यासाचं नंतर बघू म्हणतात. मला यात काही वावगं वाटत नाही. बापलेक एका दोऱ्याला धरून उभे आहेत, असे दिवस वर्षात असतात किती?

याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या जागी, मुक्तिभूमीवर, गेलं की मला त्यांचे वडील, रामजी सुभेदार, आठवतात. परळच्या चाळीत एकच खोली. भीमाला लवकर झोपवून हा बाप रात्री दोनपर्यंत जागायचा, मग त्याला अभ्यासाला उठवून स्वतः आडवा व्हायचा. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलीकडे जायचा, तिचा दागिना गहाण ठेवायचा आणि पेन्शन आली की सोडवून आणायचा. अपेक्षा त्याच्याही थोड्याथोडक्या नव्हत्या. पण जागरण आधी त्याचं होतं.

आता कायद्यानेच पालकांना मान दिलाय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. पण सभा असते सकाळी अकराला. मजुरी नगावर, माग थांबला की मजुरी थांबली. मग समितीवरचा बाप सही करण्यापुरता येतो आणि 'पालक उदासीन आहेत' असं म्हणायला सगळे मोकळे.

तेव्हा गुरुजी, एक विनंती. सभा रात्री आठला ठेवा, माग बंद झाल्यावर. आणि वहिनी, पुढची सूर्यमाला पोराला करू द्या. शनी वाकडा झाला तरी चालेल.