बिल जपणारे नाना

लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला सगळं पुणं जातं. नाना जातात ते केलेली खरेदी परत करायला. पुणेकरांनी एवढ्यावरून कॉलर ताठ करू नये. असे नाना दादरला आहेत, ठाण्याला आहेत आणि कोल्हापुरात महाद्वार रोडलाही आहेत.

नानांच्या लेखी बिल चुकतं केलं म्हणजे व्यवहार अर्धाच झाला. नवा शर्ट घरी आला की ते त्याच्या टाचण्या, कॉलरखालची पुठ्ठ्याची पट्टी आणि ते प्लॅस्टिकचं फुलपाखरू अलगद काढून एका डब्यात ठेवतात. बिलांची फाइल वेगळी. तिच्यात लग्नपत्रिका, पॉलिसी वगैरे किरकोळ कागदांना जागा नाही. शर्ट एखाद्या मुंजीला मिरवून येतो आणि सोमवारी पुन्हा टाचण्यांसकट पिशवीत जाऊन बसतो.

वेळ मात्र त्यांनी हुकमी निवडलेली. दुकानाचं शटर नुकतंच वर गेलंय, मालक गल्ल्याला उदबत्ती ओवाळतोय आणि दारात नाना, हातात कधी शर्टाची पिशवी, कधी बायकोच्या साडीची. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, होण्याआधी गल्ल्यातून पैसा बाहेर जाऊ नये ही व्यापाऱ्यांची जुनी श्रद्धा. बऱ्याच दुकानांत ‘माल बदलून देण्याची वेळ दुपारची’ अशी पाटी असते, ती काही उगाच नाही. नाना ती पाटी चष्मा लावून वाचतात आणि ती इतरांसाठी आहे असं ठरवून काउंटर गाठतात.

“काय झालं काका? उसवलीय का साडी? रंग गेला?”

“तसं काही नाही. पण तुमच्या दिव्याखाली मोरपंखी होती, आमच्या घरी हिरवी आहे.”

“अहो, पण फॉल लावलाय हिला!”

“फॉल आमचा आहे. तो उसवून ठेवून घेतो.”

एवढ्यावर भागलं नाही की नाना कायदा काढतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. २० जुलै २०२० पासून लागू. कलम २(४७). हे सारं त्यांना तोंडपाठ आहे आणि बरोबरही आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, ही या कलमानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीमागे सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराला लपता येत नाही. फक्त ‘सदोष’ हा शब्द नाना मनातल्या मनात म्हणतात. वहिनींना रंग पसंत नाही, हा साडीचा दोष कुठल्याही कलमात बसत नाही. तिथे दुकानाचं धोरण आणि मालकाची मर्जी. बदलून मिळालं किंवा क्रेडिट नोट मिळाली तर नशीब समजायचं.

गंमत म्हणजे हे सारं नाना मालकाला ऐकवतच नाहीत. ऐकवतात त्या काउंटरवरच्या मुलीला. धोरण तिनं ठरवलेलं नसतं आणि गल्ल्याची किल्लीही तिच्याकडे नसते. सकाळपासून ती उभी असते. एका गिऱ्हाइकासाठी ढीगभर साड्या उलगडायच्या, ‘बघून सांगतो’ ऐकायचं आणि पुन्हा घड्या घालायच्या. केरळात कापड दुकानांतल्या बायकांना कामाच्या वेळी नुसतं बसता यावं म्हणून कित्येक वर्षं भांडावं लागलं, तेव्हा कुठे २०१८ मध्ये कायदा बदलला. तमिळनाडूनं तशीच दुरुस्ती २०२१ मध्ये केली. नानांना ही कलमं ठाऊक नाहीत. बोलता बोलता दुकानातलं एकुलतं एक स्टूल मात्र ते स्वतःकडे ओढून घेतात.

दुकानदार तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? विकताना ‘काकू, तुमच्यासाठीच आलाय हा पीस’ म्हणणारा सेल्समन तीच पिशवी परत आलेली दिसली की कॅल्क्युलेटरमध्ये डोकं खुपसतो. फाटका निघालेला कुर्ता बदलून मागणाऱ्या सरळ माणसालाही मग नानांच्या रांगेत उभं राहावं लागतं. नानांचं खरं पाप हेच.

तेव्हा बिल जरूर मागा आणि जपून ठेवा. परत करायला भवानी झाल्यावर जा आणि काउंटरवरच्या मुलीला आधी ‘ताई’ म्हणा. माल खरोखर खराब असून दुकान दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. मोरपंखी साडी घरी हिरवी दिसते, ही तक्रार मात्र तिथे नोंदवू नये.